सभासद कोणाला म्हणायचं

शेलूबाजार

प्रिय पौर्णिमा,

सप्रेम जय भीम. गोदामातल्या तुझ्या नकाशाला अजून कोणी हात लावलेला नाही. पुण्याच्या ऑफिसातून सुट्टी काढून आलीस आणि आमच्या शेतकरी कंपनीचा सगळा कारभार रंगीत कागदांवर मांडून भिंतीभर सुतळी ताणलीस, तेव्हा हमाल मला हळूच विचारत होते की, साहेब, बहिणीची तब्येत बरी आहे ना. नुसतं सोयाबीन घेऊन विकणारी कंपनी आता स्वतःचं बियाणं करणार, तर आधी आपण कशाला काय म्हणतो आणि कोणाचं कोणाशी काय नातं ते ठरवा, असा तुझा हट्ट. तुमच्याकडे याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. बाबा पौर्णिमाचं खूळ म्हणतात आणि येईल त्या पाहुण्याला कौतुकाने दाखवतात.

बाकीचे कागद बसले, 'सभासद' तेवढा बसेना. एका शब्दाला एकच अर्थ, हा तुझा नियम. आम्ही सभासद म्हणत होतो सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि बियाण्याची अपेक्षा करत होतो पेरणाऱ्याकडून. तू गेल्यावर त्याचा हिसका बसला. बियाण्याच्या एका लॉटची उगवण फारच कमी आली म्हणून तो ज्यांच्या नावावर होता त्या माणिकरावांना मी फोन लावला. ते राहतात अकोल्याला. आपल्या वावरात कोणतं वाण आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. बियाणं कसं करायचं त्या प्रशिक्षणालाही तेच आले होते, पोहे खाऊन गेले. त्यांचं वावर बटईने, पिकाच्या वाट्यावर, कसणाऱ्यांना आम्ही बोलावलंच नव्हतं. आणखी एक हंगाम असा गेला तर आपलं बियाणं कोणी घेणार नाही.

मग आमसभा झाली. बटईने वावर करणाऱ्या मदनसिंगची बायको ललिताबाई उभी राहिली. म्हणाली, "पेरतो आमी, निंदतो आमी, अन् कंपनीत नाव भलत्याचंच काहून?" माणिकरावांनी ते स्वतःवर घेतलं आणि तापले, "जमीन तं माही हाय." तेव्हा बाबा म्हणाले, "वावर तुमचंच राह्यते, माणिकराव. कंपनी पेरनाऱ्याची हाय." ठराव झाला: जो कसतो तो सभासद. घरी येऊन मी आईला हे दोनदा सांगितलं आणि ती दोन्ही वेळा रडली. तुझा फार अभिमान वाटला गं. आईने तुझ्यासाठी तुरीचे सोले वाळवून ठेवलेत, येशील तेव्हा ने.

पत्र कशासाठी ते लिहायचं टाळत इथवर आलो. नात्यातल्यांची बोलणी खाऊन बाबांनी एक वावर तुझ्या नावावर केलं, त्यावर तू सभासद झालीस आणि तो शेअरचा कागद पुण्याच्या घरात फ्रेम करून लावलास. ते वावर ललिताबाई बटईने करते. बाबांनी तुला सांगायला फोन हातात घेतला आणि परत ठेवला, तूच लिही म्हणाले. ठराव झाला तरी माणिकराव आणि त्यांच्यासारखे बाकीचे अडून बसलेत, आधी मॅनेजरच्या बहिणीची सही दाखवा, मग आम्ही शेअर सोडतो म्हणतात. तुझा शेअर ललिताबाईच्या नावे करायचा अर्ज सोबत जोडलाय. वावर तुझंच राहील, सभासद ललिताबाई होईल. तू सही करशील हे मला पक्कं माहीत आहे, पौर्णिमा, आणि म्हणूनच ती तुझ्याकडे मागताना जीव तुटतो.

तुझाच भाऊ,
संघदीप