अनवाणी अकरा आणि त्यांचा वस्ताद

वस्ताद,

काल टीव्हीवर तुमच्या देशाची टीम खेळत होती. नातू म्हणाला, आजी, तुला यातलं काय कळतंय, मालिका लावू का? मी म्हटलं, गप बस, तो सगळ्यात पुढचा बघ, उगाच पळपळ करतोय, त्याला म्हणावं जरा थांब. पुढच्या पाच मिनिटांत तो खरंच थांबला आणि त्यानं गोल मारला. नातवाचं तोंड उघडं ते उघडंच. मी म्हटलं, हे मला जर्मन माणसानं शिकवलंय, खंडाळ्याच्या बंगल्यात, बटाटे सोलता सोलता. त्याला वाटलं म्हातारी भ्रमली. म्हणून आज त्याच्याच वहीची पानं फाडून तुम्हाला लिहायला बसले आहे. माझी शाळा दुसरीपर्यंतची, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नका. तुमचं हिंदी ऐकून मी कधी हसले नव्हते. हसले असेन, पण तुमच्या पाठीमागं.

तुम्ही डोंगराखालच्या वीजघरात यंत्रं बसवायला आलात आणि यंत्रं बसली तरी परत गेला नाहीत. मी तुमच्याकडं स्वयंपाकाला लागले तेव्हा विशीतली होते. पहिल्या दिवशी तुम्ही नुसते उकडलेले बटाटे मागितलेत. मी म्हटलं, साहेब आजारी आहेत का? दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी पुढं ठेवली. घाम पुसत पुसत सगळं खाल्लंत आणि पुन्हा बटाट्याचं नाव काढलं नाहीत, फक्त रविवारी. रविवारी तुम्ही स्वतः चुलीजवळ खोक्यावर बसायचात, उजवा पाय सरळ पसरून, कारण तो गुडघ्यात वाकायचा नाही, आणि बटाटे सोलायचात. त्याच खोक्यावर बसून तुम्ही सांगितलंत की तुमचं गाव कोळशाच्या खाणीचं, बाप खाणीत, आणि तुम्ही सतराव्या वर्षी गावच्या टीममध्ये सगळ्यात पुढं खेळणारे. एका हिवाळ्यात बर्फावर, बुटांना चामड्याच्या गुंड्या ठोकून, एकाच सामन्यात चार गोल मारलेत आणि लोकांनी खांद्यावर घेऊन तुम्हाला गुत्त्यापर्यंत नेलं. मग पहिली लढाई लागली, गुडघ्यात लोखंड शिरलं आणि तेविसाव्या वर्षी खेळणं संपलं. मी विचारलं, मग रडला असाल? तुम्ही म्हणालात, "नहीं बाई. हॉस्पिटल में सूप अच्छा था." तेव्हाच मला कळलं, हा माणूस आपल्यातला आहे.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीमागं मोकळं मैदान होतं. घाटातल्या गँगवरची माणसं काम सुटल्यावर तिथं चेंडू लाथाडायची, आणि त्यांच्यात आमचे हे. दिवसभर रुळांखाली खडी भरून यायचे आणि तरी पायात दम उरायचा. तुम्ही एकदा सायकलवरून जाताना बघितलंत, उतरलात, आणि दुसऱ्या दिवसापासून शिट्टी घेऊन हजर. त्यातले अर्धे तालमीतले गडी, त्यामुळं शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणायचं एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, मैदानाची माती कपाळाला लावली आणि तुमच्या पाया पडले. तुम्ही लाजून लाल झालात. आधीच लाल होता, त्यामुळं फार फरक दिसला नाही.

ह्यांना तुम्ही सगळ्यात पुढं उभं केलंत, तुमच्या जागेवर. आणि रोज एकच गोष्ट सांगायचात: पुढं खेळणारा चेंडूमागं पळत नाही, चेंडू कुठं येणार ते ओळखून तिथं जाऊन थांबतो. आमच्या ह्यांना थांबणं माहीतच नव्हतं. चेंडू दिसला की सुटलेच. मी तुमचा डबा घेऊन यायचे आणि बांधावर बसून बघायचे. एकदा समोर रिकामा गोल असताना ह्यांनी चेंडू करवंदीच्या जाळीत घातला, तेव्हा मी उठून ओरडले, "आवं, आमची म्हस बरी की! तिला गोठा तरी सापडतो!" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. सगळ्यांच्या देखत मला म्हणालात, "बाई, मैदान में एक आदमी बोलता. वो मैं. तुम चूल देखो." माझे कान तापले. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसापासून मी मैदानावर तोंड उघडलं नाही. तुम्ही मालक होता म्हणून नव्हे, तुमचं बरोबर होतं म्हणून.

मग ती मैदानाची भानगड आली. टेकडीवरच्या गोऱ्या साहेबांच्या क्लबाला तिथं टेनिस करायचं होतं. माणूस येऊन खुंट्या ठोकून गेला. आमच्या माणसांना त्या गावात बसायला एक ती जागा होती, बाकी सगळीकडं कुणाचं तरी कुंपण. तुम्ही क्लबात गेलात आणि पैज लावून आलात: श्रावणात एक सामना, क्लबाची टीम विरुद्ध गँगची टीम. जिंकलो तर खुंट्या उपटायच्या, हरलो तर आम्ही पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. ते साहेब लोक खूश झाले म्हणे. त्यांच्या टीममध्ये पुण्याचे दोन पलटणीतले गोरे होते, रेड्यासारखे. तुम्ही घरी येऊन हे सांगितलंत आणि जेवला नाहीत. तुम्ही पिठल्याला नाही म्हणालात तो एकच दिवस.

चार दिवसांनी पुण्याच्या लष्कर भागातल्या बूटवाल्याकडून तुम्ही अकरा जोड बूट आणलेत. गुंड्या स्वतः ठोकल्यात, पडवीत बसून, तोंडात खिळे धरून. मैदानावर नेऊन वाटलेत, आणि म्हणालात घाला, मी बादली भरून चुना आणतो, रेघा मारायच्या आहेत. परत येऊन बघता तर काय! अकरा जोड बूट मैदानाच्या कडेला एका ओळीत, टाचेला टाच लावून, आणि अकराच्या अकरा जण अनवाणी आत उभे, छातीला हात लावून. त्यांचं काही चुकलं असं त्यांना वाटलंच नाही. तालमीच्या मातीत पायताण घालून कुणी जातं का? बूट त्यांना आवडले होते. इतके आवडले होते की घालून चाळीला एक फेरा मारून मिरवून आले, आणि दारात काढावेत तसे काढले. तुम्ही एक बूट उचलून फेकलात. तुमच्या भाषेत जे बोललात त्याचा अर्थ नशिबानं कुणाला कळला नाही. मग एकेकाच्या पायात तुम्ही स्वतः बूट घातलेत, गुडघा वाकत नसताना, खाली बसून. वस्तादानं पायाला हात लावला म्हणून आमचे हे रात्रभर हळहळत होते.

त्या रविवारी बटाटे सोलताना मी हळूच म्हटलं, साहेब, श्रावणात ते मैदान म्हणजे भाताचं खाचर. भाताची रोपं लावायला, आवणीला, बूट घालून कोण उतरतं? आमची बोटं चिखलात रुतून धरतात, लहानपणापासून हेच केलंय. तुम्ही सुरी खाली ठेवलीत. "मैं बर्फ में खेला बाई. बूट में. चार गोल." आणि पुन्हा तेच, तुम चूल देखो. मी चूल बघितली. भाकरी जरा करपवली, तेवढं माझ्या हातात होतं.

सामन्याच्या दिवशी झड लागली होती. धुकं इतकं की पलीकडचा गोल मधूनच दिसायचा. टेकडीवरचे साहेब, मडमा छत्र्या घेऊन खुर्च्यांवर, आणि आमची माणसं डोक्यावर पानांची इरली घेऊन बांधावर, भिंतीवर, रेल्वेच्या डब्यांवर. आमचे अकरा जण बूट घालून उतरले आणि म्हशी बर्फावर सोडाव्यात तशी त्यांची गत झाली. पाय उचलला की मणाचा चिखल. हे दोनदा समोर गोल असताना आडवे झाले. पलटणीतल्या रेड्यांनी दोन गोल मारले. अर्धा वेळ झाला. तुम्ही शिट्टी धरून एकटेच पलीकडं उभे होता, पाठमोरे. मी गूळपाण्याची घागर घेऊन खाली उतरले.

हे बसले होते, मान खाली घालून. मी पाणी ओतता ओतता हळू म्हटलं, "काढा ते."

"आगं, वस्तादांचा हुकूम हाय."

"हुकूम ऱ्हाऊ द्या. भुई लागतीय का पायाला?"

"न्हाई."

"मग काय करताय तितं? उद्यापासनं कुटं बसणार हायसा, माज्या पदराखाली?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मग वाकून नाडी सोडली. एक बूट काढला, दुसरा काढला, दोन्ही कडेला नेऊन टाचेला टाच लावून ठेवले. शेजारच्यानं बघितलं, त्यानं काढले. बघता बघता अकरा जोड ओळीत. मी घागर उचलून वर गेले. तुम्ही वळलात तेव्हा सगळे अनवाणी उभे होते आणि मी बांधावर पदर पिळत होते. क्लबाचा कप्तान हसून म्हणाला म्हणे, राहू दे, यांचीच बोटं तुटतील.

पुढचं तुम्ही बघितलंय, पण मला लिहिताना अजून मजा येते. आमची माणसं उठली ती आवणीला उतरल्यासारखी. बोटं रोवून वळायची, आणि तो रेडा आपला घसरत सरळ जायचा. एक गोल झाला. मग दुसरा, गँगच्या मुकादमानं डोक्यानं घातला. आणि शेवटी चेंडू उजवीकडून आला, सगळे तिकडं पळाले, आणि आमचे हे पळाले नाहीत. देवाशप्पथ सांगते, हे थांबले. चिखलात पाय रोवून, एकटे, जिथं काहीच नव्हतं तिथं. चेंडू दोघांना चुकवून थेट त्यांच्यासमोर आला आणि ह्यांनी तो आत ठेवला, पाटावर ताट ठेवावं तसा. तीन-दोन. तुमची शिट्टी चिखलात पडली आणि तुम्ही लंगडत, अक्षरशः लंगडत पळालात. इरली उडाली. त्याच दिवशी संध्याकाळच्या आत खुंट्या उपटल्या, आणि त्यातल्या दोन मी चुलीला घातल्या.

नंतर तुम्ही ह्यांना मिठी मारून म्हणालात, पुढं खेळणाऱ्याला स्वतःचं डोकं लागतं, हुकूम मोडायचं डोकं, ते माझ्याकडंही नव्हतं. दुसऱ्या लढाईच्या सुरुवातीला पोलीस तुम्हाला न्यायला आले, जर्मन म्हणून, तेव्हा मोटारीत बसताना शिट्टी ह्यांच्याच हातात दिलीत. ह्यांनी पुढं वीस वर्षं त्या मैदानावर पोरं शिकवली. स्वातंत्र्यानंतर तुमचं पत्र आलं, पोस्टमास्तरांनी वाचून दाखवलं: गुडघा तसाच आहे, गावच्या टीमला शिकवतो, ती पहिली आली, आणि पाऊस पडला की पोरांना बूट काढून चिखलात पळवतो, लोक वेडा म्हणतात. आम्ही चाळभर पेढे वाटले. ह्यांनी त्या पत्राला उत्तर लिहवून घेतलं, त्यात बूट आपण कसे काढले ते दोन पानं होतं. मी शेजारी बसून ऐकलं आणि पाकिटाला खळ लावून दिली.

तुमच्यानंतर आता हे पण गेले, दोन वर्षं झाली. शेवटपर्यंत आल्यागेल्याला तीच गोष्ट सांगायचे, आणि त्यात गूळपाणी यायचं पण मी यायचे नाही. मला वाईट वाटलं नाही. माणूस एका अकलेवर आयुष्यभर ताठ चालला, तर ती कुणाची होती हे कशाला उकरायचं? फक्त तुम्हाला माहीत असावं एवढं वाटलं, कारण तुम्ही मला चूल बघायला सांगितलं होतंत.

आणि हे लिहून झाल्यावर लक्षात आलं की हे पाठवायचं नाही. तुमच्या पोटात काही राहत नाही, आणि तुम्ही दोघं आता एकाच ठिकाणी आहात. ह्यांना कळायला नको.