बंद केलं की काही राहत नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५
जाईचं कुरिअर आलं. दोन पेनड्राइव्ह — एकावर मिंट, एकावर झोरिन. लेकीनं नागपूरहून चिठ्ठ्या चिकटवून पाठवलेत. आपल्या जुन्या विंडोजला आता अपडेट येणार नाहीत आणि नवीन विंडोज या मशीनवर चालणार नाही, म्हणे. मिंट आणि झोरिन विंडोजच्या जागी चालतात, सगळ्यांना खुली, फुकट. फोनवर म्हणाली, "आई, आधी नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघ. आवडलं तर बसवू. पण एक लक्षात ठेव, तोवर बंद केलं की त्यात काही राहत नाही."

यांना टायपिंग तेवढं राहिलंय. सेनगावच्या कचेरीत पस्तीस वर्षं तेच केलं. विसरणं थांबणार नाही, पण हात चालते ठेवा — डॉक्टर दोन वर्षांपूर्वी म्हणाले होते. तेव्हा कॉम्प्युटर चालू राहायलाच हवा.

बुधवार, ५
झोरिन दिसायला छान. पण हे त्यात गोंधळले, चिडले. मग मिंट लावलं. मेनू डाव्या कोपऱ्यात खाली, सवयीचा. मराठी कीबोर्ड मी लावून दिला — तो रोज नव्यानं लावावा लागणार. "हे बराबर आहे," म्हणाले आणि दोन तास उठले नाहीत. मिंटच घ्यावं असं वाटतंय.

गुरुवार, ६
चहा द्यायला गेले तर स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख — १२ नोव्हेंबर १९८७. जाई म्हणते, मशीनच्या आतला घड्याळाचा सेल गेला असेल.

शुक्रवार, ७
सेल नाही. दारातून बघितलं. मशीन सुरू झालं की हे आधी तारीख बदलतात. वर्ष, महिना, दिवस. शांतपणे, एकही चूक न करता. शर्टाचं बटण लावताना अडतात, इथं अडत नाहीत! मग टाइप करायला लागतात. मी जवळ गेले की लिहिलेलं झाकतात.
"काय लिहून राहिलात?"
"कचेरीचं काम आहे."

शनिवार, ८
हे अंघोळीला गेले तेव्हा वाचलं. मला पत्र आहे. पुसेगावला, माझ्या माहेरी. "सौ. विजयास — तू बाळतपणाला गेल्यापासून घर खायला उठतं. लेकीचं नाव जाई ठेवू. कधी न्यायला येऊ ते कळव." खाली पूर्ण सही — विश्वंभर.

असं पत्र मला सत्त्याऐंशी साली खरंच आलं होतं. अंगावर काटा आला. मग रडू आलं.

दुपारी मशीन बंद केलं, पत्र गेलं. चारला पुन्हा बसले. पुन्हा तेच पत्र, त्याच शब्दांत. 'बाळंतपण' मधला अनुस्वार सकाळी राहिला होता, तो आत्ताही राहिला.

रविवार, ९
जाईनं व्हिडिओवर बघत मिंट कायमचं बसवून दिलं. फोटो, कागद आधी दुसऱ्या डिस्कवर घेतले. घाई माझीच. रोज ते पत्र पुसलं जातं, सहन होईना. जाईला पत्राचं सांगितलं नाही. हे मागून आले, फोनमध्ये तिला बघितलं आणि दोन्ही हात जोडून नमस्कार केला. परक्या बाईला करावा तसा. ती हसली. नंतर फोन लवकर ठेवला तिनं.

सोमवार, १०
पत्र लिहून हे उठले. मी सेव्ह केलं. बरं वाटलं.

मंगळवार, ११
करायला नको होतं.
सकाळी त्यांना ती फाइल समोरच दिसली. उघडली. वाचली. मग हाक आली, "जरा इकडं या."
गेले. ओठ पांढरे पडलेले.
"माझ्या आधी कोणीतरी इथं बसून गेलंय. माझ्या मनातलं सगळं लिहिलंय. खाली नाव बी माझंच."
"तुम्हीच लिहिलंत. काल."
"काल मी या खोलीत आलोच न्हाई."
कॉम्प्युटरवर चादर टाकली. जेवले नाहीत. दिवसभर त्या खोलीच्या दाराकडं तोंड करून बसले. मला झाडायलाही आत जाऊ देईनात.

बुधवार, १२
पुन्हा पेनड्राइव्ह लावला. सुरू होताना त्याच्यावर कसं जायचं ते मला आता येतं. चादर काढली. सगळं कोरं. हे भीत भीत बसले, तारीख बदलली, आणि चेहरा निवळला. आपल्या घरापुरतं ठरलं — मिंट, पण बसवलेलं नाही, पेनड्राइव्हवरचं, रोज नवं. जाईला सांगणार नाही.

संध्याकाळी यांनी विचारलं, "पोस्टमन आला होता का?"
"नाही."
"पोरीला घेऊन बसलीय. उत्तर काहून देत न्हाई ती?"
मी समोर उभी होते. भाकरीचं ताट हातात.

शुक्रवार, १४
भाजी घेऊन आले तर दार सताड उघडं. कॉम्प्युटर चालू, घरात कोणी नाही. स्टँडवर धावले, तिथंच पुसेगावहून वहिनीचा फोन. "ताई, भाऊजी एसटीनं आलेत. विजयाला न्यायला आलो म्हणतात. ओट्यावरून उठायला तयार न्हाईत." मिळेल त्या जीपनं निघाले.

शनिवार, १५
काल ओट्यावर मला बघताच हे उठून उभे राहिले. "विजया," म्हणाले. किती महिन्यांनी! हात धरला. मग वहिनीला ऐकू जाऊ नये असं हळूच म्हणाले, "आजच्या आज घरी चल. एक बाई येऊन राहिलीय आपल्याकडं. चांगली आहे, जेवू घालते. पण जायचं नाव घेत न्हाई."