तिसऱ्या अंकातला गोल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे बाहत्तर, अविवाहित, काम नाटक कंपनीत विंगेत बसून नटांना शब्द देण्याचे, आज पूर्ण ताळ्यावर असताना आणि कोणाचेही दडपण नसताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी मला तपासून ‘डोके उत्तम, हृदयाचा भरवसा नाही’ असे लेखी दिले आहे. तो कागद सोबत जोडला आहे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात धाकट्या बहिणीला मुद्दाम काही ठेवले नव्हते. ते रद्द समजावे आणि जमल्यास विसरावे.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, धाकटी हयात असेपर्यंत तिचे. तिच्यानंतर तिच्या मुलीचे, म्हणजे माझ्या भाचीचे. धाकटीची खुर्ची खिडकीपाशी आहे तिथेच राहील आणि तिच्या उजव्या हाताचे स्टूल कोणी हलवणार नाही. कारण पुढे येईल.

२. बँकेतली शिल्लक भाचीला. फार नाही. कुजबुजून कोणी श्रीमंत झाल्याचे ऐकिवात नाही.

३. विंगेतल्या अंधारात वाचायची, निळा कागद लावलेली बॅटरी नेपथ्याच्या मिस्त्रींना. आमच्या सर्वांत चाललेल्या नाटकातला बंगला त्यांनीच उभा केला. साहेब आपल्या देशी निघून गेलेला, बंगला त्याच्या कारभाऱ्याने घेतलेला, आणि ‘बायको वारली’ असे सांगून त्याने तिला वरच्या खोलीत कोंडलेले, असे ते नाटक. जिना तेरा पायऱ्यांचा होता. वर खोली नव्हतीच, नुसती एक फळी. धाकटी बायकोचे काम करायची आणि त्या फळीवर अंधारात दीड अंक उभी राहायची. आठवी पायरी करकरायची. मिस्त्री, दोनशे प्रयोगांत तुम्हाला तिथे एक खिळा मारता आला नाही, हे मी मरतानाही लक्षात ठेवीन.

४. त्या नाटकाच्या दिवाणखान्यातली साहेबाची तसबीर कंपनीच्या मालकांना. रंगाऱ्याने साहेबाला त्यांचाच चेहरा दिला होता. त्यांना अजून कळलेले नाही. आता नीट बघावे.

५. नाटक बसवणाऱ्या मास्तरांना मी काहीही ठेवत नाही. तिसऱ्या अंकात बायको जिना उतरताना आठव्या पायरीवर थांबते, मग म्हणते, “दिवे विझवू नका. मी जिवंत आहे.” त्या थांबण्याच्या जागी मास्तरांनी नाटकाच्या माझ्या प्रतीत लाल पेन्सिलीने गोल काढला. बाराव्या प्रयोगात मी गोलातच शब्द दिला, तर सगळ्यांसमोर ओरडले, “गोलात तोंड उघडायचं नाही! तो विराम आहे!” त्यानंतर मी कधी उघडले नाही. पण खरे सांगायचे तर गोल त्यांनी काढला, माझी जीभ काही त्यांनी धरून ठेवली नव्हती.

पुढे पुढे धाकटीचा विराम लांबू लागला. लोक श्वास रोखून बसत. मी घरी म्हणायची, “काय थांबतेस गं! काटा येतो अंगावर.” ती म्हणायची, “थांबत नाही गं ताई, थांबायला होतं.” मला वाटले, बाई मोठी नटी झाली, आता असेच बोलणार.

मग एका दुपारच्या प्रयोगात ती आठव्या पायरीवर थांबली आणि थांबूनच राहिली. तिने विंगेत माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली, छान चाललंय म्हणून. तिचे ओठ हलले. मला स्पष्ट ऐकू आले, ती म्हणाली, “ताई.” मला वाटले, पदरचे घालते आहे. त्या नाटकात ताई नाहीच. त्या बाईला सख्खे कोणी नाही, म्हणून तर तिला कोंडता येते. मी गोलावर बोट ठेवून बसून राहिले. कोणीतरी हसले, मग रांगच्या रांग हसली आणि पडदा पाडावा लागला.

रंग न पुसताच ती माझ्यासमोर आली. “हाक मारली तरी शब्द दिला नाहीस?”

मी म्हणाले, “तिथे गोल आहे.”

ती पुन्हा रंगमंचावर आली नाही. नऊ वर्षे आमचे बोलणे नव्हते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशा दोघी.

या वर्षी भाची आली. “मावशी, आईला शब्द आठवत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बरीच वर्षं चाललं असणार.” विराम कसले ते तेव्हा मला समजले.

गेले, तर तिने ओळखले नाही. हातात कप धरून “हे... हे...” करत होती आणि उजवीकडे बघत होती, विंगेत बघावे तशी. मी जाऊन तिच्या उजव्या हाताला बसले आणि हळूच म्हटले, “कप.”

“कप!” ती म्हणाली, खणखणीत, शेवटच्या रांगेपर्यंत जाईल असे. मी फार रडले. दुसऱ्या दिवशी तिला या घरी घेऊन आले.

६. नाटकाची प्रत भाचीला. त्यातला गोल मी खोडला आहे. धाकटी अडली की वाट पाहू नये. पहिला शब्द द्यावा, सबंध वाक्य नको, ते तिचे आहे. “आत्ताच तर सांगितलं” हे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये.

७. ती अधूनमधून “ताई” म्हणते. मी शेजारी असताना म्हणते. मी ओ देते. तरी ती माझ्या पलीकडे बघते, विंगेत बघावे तशी. मी गेल्यावरही हाक मारील. तेव्हा ताई वारली असे सांगून तिला रोज नव्याने रडवू नये. जो कोणी जवळ असेल त्याने ओ द्यावी. ही अट पाळली नाही तर वरचे काहीही कोणाला मिळू नये.

साक्षीदार: नेपथ्याचे मिस्त्री (सही)
खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई (सही)

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे स्टूल
तारीख: चालू महिन्याची नऊ, दुपारी चार

(सही)
कंपनीतली ‘कुजबुज’,
धाकटीची ताई