लेईनं चिकटवलेलं शेवटचं प्रकरण

बाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसले आहे, तेही भांडायला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सगळ्यांना मिस नाहीतर सिस्टर म्हणायची पद्धत. तुम्ही एकट्याच पहिल्या दिवशी म्हणालात, मला बाई म्हणायचं, मी मराठी शिकवते. म्हणून बाई. माझ्यासमोर टेबलावर दोन कागद आहेत. एक आमच्या कॉलनीतल्या वाचक मंडळाचं पत्र. दुसरा मुरगूडच्या बाजूला असलेल्या एका संस्थेचा फॉर्म. तिथं स्मरण गेलेली म्हातारी माणसं सांभाळतात. सोमवारी सकाळी त्यांची गाडी माझ्या नवऱ्याला न्यायला येईल, पण मी सही केली तरच. आज शनिवार आहे आणि फॉर्म अजून कोराच आहे.

आधी मंडळाचं सांगते, कारण राग तिथून सुरू झाला. त्यांना माझं भाषण हवं आहे. विषय, ‘कादंबऱ्यांतली अनपेक्षित वळणं’. ज्यांचं आयुष्य एका दिवसात उलटंपालटं होतं अशा माणसांच्या कादंबऱ्यांची यादीच पाठवली आहे. अध्यक्षबाई फोनवर म्हणाल्या, “तुम्ही स्वतः अशा वळणावर आहात, तुमच्याइतकं आतून कोण बोलणार?” मी म्हटलं, “वळण असलं की पुढं रस्ता असतो. माझ्यापुढं न्हाणीघर आहे आणि त्यात ओल्या चादरी आहेत.” त्या हसल्या. “तुमचा विनोद अजून शाबूत आहे हं!”

तरी मी यादीतल्या सगळ्या कादंबऱ्या वाचल्या, कारण वाचल्याशिवाय शिव्या द्यायच्या नाहीत हे तुम्हीच शिकवलंत. एकीचा नवरा सोडून जातो आणि दीडशे पानांत ती मातीची भांडी करायला शिकते. एकाचे डोळे जातात आणि मग त्याला माणसं दिसायला लागतात. प्रत्येकाला शेवटी काहीतरी गवसतंच, नुसतं वाटोळं कुणाचंच होत नाही. मी बावीस वर्षं विमा कचेरीत मृत्युदाव्यांच्या टेबलावर बसले आहे, बाई. आयुष्य उलटं झालेली माणसं माझ्यासमोर रांगेत उभी असायची. त्यांतली एकही बाई मला भांडी घडवताना दिसली नाही. ती पेन मागायची, फॉर्म उलटसुलट बघायची आणि हळूच विचारायची, “नातं म्हंजे काय लिहू, म्याडम?”

पण कादंबरीचा नाद मला लावलात तुम्ही. दर शनिवारी शाळा सुटली की आम्ही चौघीपाचजणी मंगळवार पेठेतल्या तुमच्या दोन खोल्यांत यायचो. तुम्ही स्टोव्हवर मैद्याची लेई शिजवायचात, झुरळं लागू नयेत म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचात. ती निळसर होत आली की मला घाण वास यायचा आणि भूकही लागायची. पुस्तकं डकवायला लेई लागते असं आम्हाला वाटलं होतं. तुम्ही मात्र कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणाची पानं कडेनं एकमेकांना चिकटवून टाकायचात. पुस्तक आमच्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, “माणसाचं घर कोसळलंय इथपर्यंत वाचा. पुढचं तुम्ही लिहा. छापलेला शेवट वाचायला जन्म पडलाय.” असली शिक्षिका जिल्ह्यात दुसरी नसेल. सिस्टर तुमच्याकडे जरा घाबरूनच बघायच्या.

दहावीत मला मिळालेल्या कादंबरीत एका बाईचा नवरा मेंदूला मार लागून लहान मुलासारखा होतो. पुढची अठरा पानं बंद. मी आठ पानी शेवट लिहिला. ती बाई नवऱ्याला जन्मभर सांभाळते, पुनर्लग्नाचं विचारायला आलेल्या माणसाला चार खडे बोल सुनावते, आणि सारा गाव तिच्यापुढं हात जोडतो. एकसुद्धा ऱ्हस्वदीर्घ चुकलं नव्हतं. तुम्ही वही परत दिलीत तेव्हा खाली एकच ओळ होती, ‘तुझ्या गोष्टीत दुसऱ्याला बोलायला जागाच नाही.’ मी तुमच्या टेबलापाशी येऊन म्हटलं, “पण बाई, त्याला बोलता कुठं येतंय?” तुम्ही म्हणालात, “तू विचारलंस का?” आणि दुसरी वही उचललीत.

पन्नास वर्षं मी त्या ओळीवर चिडलेली आहे. कारण शुद्ध बोल, नीट बोल, ठासून बोल, हे मला शिकवलं कुणी? वर्गातल्या निम्म्या मुली ‘मी येतो, मी जातो’ म्हणायच्या, आमच्याकडच्या बायका बोलतात तशा. तुम्ही खडू फळ्यावर आपटायचात, “येते! जाते! मुलगी आहेस ना तू?” मी ते इतकं मनावर घेतलं की माझ्या सख्ख्या आईलाही मी टोकत असे. तिनं शेवटी माझ्याशी खुणांनीच बोलायला सुरुवात केली होती. त्याचं मला तेव्हा हसू यायचं.

लग्न झालं ते नेसरीच्या माणसाशी. तुम्हाला पत्रिका दिली होती. तुम्ही तेव्हा अंथरुणावर होतात आणि चार महिन्यांत गेलात. मी भेटायला आले नाही. नव्या संसाराचं कारण सांगितलं होतं. हे जनावरांचे डॉक्टर. मारकुट्या म्हशीच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायचे आणि ती मुकाट उभी राहायची. घरी आले की म्हणायचे, “आज एक गाय अडली हुती, वाचली की.” मी म्हणायची, “होती. हुती नव्हे.” हे हसायचे आणि पुन्हा म्हणायचे, “होती.” पुढं पुढं गाईचं सांगणंच बंद झालं. मला वाटलं, माणूस मुळात अबोल आहे. चारचौघांत मी अभिमानानं सांगायची, आमच्याकडं भांडण म्हणून कधी झालं नाही.

चार वर्षांपूर्वी यांची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग मुलीचं नाव. गंमत म्हणजे जे गेलं ते मी शिकवलेलंच आधी गेलं. ‘आहे’ गेलं आणि ‘हाय’ परत आलं. एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर हे अदबीनं उठून उभे राहिले आणि म्हणाले, “कोण पावणं?”

त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यानं बायकोला ओळखलं नाही. यादीतल्या कादंबऱ्यांत अशा ठिकाणी बायकोच्या हातातला कप पडतो. माझ्या हातातला कप पडला नाही. मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, “पावणं नव्हे, पाहुणे. आणि बाईमाणसाला पाहुणी म्हणावं.”

गेल्या पावसाळ्यानंतर यांनी खाणं सोडलं. घास तोंडाशी नेला की दात आवळून धरायचे. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मुलगी बेंगळुरूहून फोनवर रडली आणि तिनंच या संस्थेचा फॉर्म पाठवला. मी तिला फाडफाड बोलले. माझा नवरा परक्यांच्या हातात देऊ का मी, म्हटलं. आणि एक दिवस दुपारी भाजी घेऊन पुढच्या दारानं आले, किल्ली विसरले होते म्हणून घंटी वाजवली. यांनीच कशीबशी कडी काढली. तोंड उजळलं. “या की पावणं! उन्हाचं आलासा. बसा. जेवल्याबिगार जायाचं न्हाय.” स्वतः आत जाऊन दोन ताटं घेऊन आले. पाहुण्याला एकटं कसं जेवू द्यायचं, म्हणून समोर बसले आणि एक अख्खी भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून मी तेच करू लागले, बाई. स्वयंपाक करून झाकून ठेवायचा, मागच्या दारानं बाहेर पडायचं, घराला वळसा घालून बरोबर एक वाजता पुढची घंटी वाजवायची. शेजारीण गॅलरीतून बघते आणि आत जाते. आधी दोन दिवस मी माझ्या मराठीत बोलले तर हे अवघडून बसले. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “व्हय की, लई ऊन हाय.” जन्मात पहिल्यांदा. हे खुशीत आले. माझ्या ताटात दही वाढलं. मग रोज म्हशींच्या गोष्टी निघाल्या, नेसरीच्या बाजाराच्या, अडलेल्या गाईच्याही. ती गाय वाचली कशी हे मला चाळीस वर्षांनी कळलं. चार महिने हा माणूस रोज दुपारी जेवला. संध्याकाळी मी पुन्हा बायको व्हायची आणि ते दात आवळून बसायचे. मी ते दुखण्यावर ढकललं.

परवा गुरुवारी जेवताना मी सहज विचारलं, “घरात कोण कोण असतंय तुमच्या?”

यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आवाज खाली आणला. “बायको हाय की.”

“कुठं गेल्यात?”

“आत असंल. हळू बोला. ऐकती.”

“ऐकू द्या की. काय खाती का काय?”

हे हसले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. “पावणं, मी जनावरांचा डाक्टर. कसल्या कसल्या मारक्या जनावरांत हात घातला, कधी भ्यालो न्हाय. पर हितं तोंड उघडायचं म्हंजे पेपर दिल्यागत हुतंय बघा. शबुद चुकला की तांबडी रेघ.” मग पुन्हा एकदा दाराकडे बघून म्हणाले, “वाईट न्हाय ओ ती. लई हुशार हाय. मीच तिला पुरलो न्हाय.”

मी पाणी प्यायले. मला वाटलं संपलं. पण यांनी माझ्या मनगटाला धरलं. चार वर्षांत यांनी आपणहून मला हात लावला नव्हता. “तुम्ही नेसरीकडं चाललासा न्हवं? मला सोडा की तिथवर. ती भाईर यायच्या आत.”

मी काय करायला हवं होतं? यादीतली बाई असती तर तिनं डोळे पुसून सांगितलं असतं, अहो, मीच ती. मी सांगितलं असतं तर हात सुटला असता, एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, “आज न्हाय जमायचं. सोमवारी येतो की, गाडी घिऊन.”

‘येतो’ म्हटलं मी. तुमचा खडू कुठंतरी आपटला असेल.

तर असं आहे. मी विचारलं, त्यानं सांगितलं. तुमची ओळ बरोबर होती आणि म्हणूनच मी तुमच्याशी भांडते आहे, कारण ती तुम्ही सोळा वर्षांच्या मुलीला एका ओळीत सांगून मोकळ्या झालात. पुढच्या वहीकडे वळलात. हात धरून बसवायचं होतंत मला. आणि बसवलं असतंत तर मी बसले असते का, हेही मला माहीत आहे.

आणि ती अठरा पानं. निरोप समारंभाला ते पुस्तक तुम्ही मला भेट दिलंत, पानं तशीच चिकटवलेली, ‘घाई नको’ असं आत लिहून. ते अजून माझ्या कपाटात आहे. पण मी शेवट वाचला होता, बाई, वही लिहायच्या आधीच. आईच्या चहाच्या वाफेवर पानं धरून सोडवली आणि पुन्हा गव्हाच्या खळीनं चिकटवली. तुमची लेई निळसर होती, माझी पांढरी. तुमच्या लक्षात आलं असणार. छापलेल्या शेवटात ती बाई नवऱ्याला इस्पितळात ठेवते, घरी येते आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवते. संपलं. कुणी हात जोडत नाही. मला तो शेवट पटला नव्हता असंही नाही. त्याला गुण कमी पडतील असं वाटलं, म्हणून मी दुसरा लिहिला. गेली चार वर्षं कॉलनी मला सती सावित्री म्हणते आहे, आणि मी ते ऐकून घेते आहे.

फॉर्म आत्ता भरला. अक्षर तुम्ही लावलेल्या वळणाचं आहे, बघितलंत तर खूश व्हाल. नात्याच्या रकान्याशी मी इतकी अडले की मला माझ्या टेबलासमोरच्या त्या सगळ्या बायका आठवल्या, ज्यांना मी “पुढं लवकर” म्हणायची. शेवटी ‘पत्नी’ लिहिलं. सही केली. सोमवारी पुढच्या दाराची घंटी मीच वाजवणार. गाडी नेसरीला जाणार नाही हे त्यांना सांगणार नाही. वाटेत त्यांनी बायकोचं विचारलं तर काय म्हणायचं ते मला सुचलेलं नाही. मंडळाला नकार कळवते. हे पत्र तुमच्या पुस्तकात ठेवते, दुसरं कुठं पाठवणार?

उद्या रविवार, म्हणजे एक जेवण शिल्लक आहे. एक सांगायचं राहिलं. रोज मागच्या दारानं बाहेर पडायच्या आधी मी पातळ बदलायची, बाई, आणि केसांवरून कंगवा फिरवून आरशात बघायची. भाकरी यांच्या पोटात जावी म्हणून ते काही लागत नव्हतं.