सुजेच्या नावावर खपवलेलं वाक्य

आई, बाबा जेवून उठले की तू त्यांचंच ताट ओढून घ्यायचीस. नारायण पेठेतल्या त्या अरुंद स्वयंपाकघरात मी कॉन्व्हेंट शाळेचा फ्रॉक न बदलता तुझ्याशेजारी बसलेली असे. त्यांनी चावून टाकलेले शेवग्याच्या शेंगांचे चोथे तू बोटाने कडेला सारायचीस आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपला भात वाढून घ्यायचीस. मी एकदा म्हटलं, "सिस्टर सांगतात, दुसऱ्याच्या ताटात जेवू नये." वर न बघता तू म्हणालीस, "तुझ्या सिस्टरांना नवरा नाही." मी किती हसले होते.

परवा एका साखरपुड्यात आत्या नव्या सुनेला सांगत होती, "आमच्या वहिनी शेवटपर्यंत दादाच्या ताटात जेवल्या. आता कोण करतं?" बायका माना डोलावत होत्या. माझ्या तोंडातलं श्रीखंड मी रुमालात काढून टाकलं.

कारण शेवटी तू काय म्हणालीस ते आत्यानेही ऐकलंय. तुझ्या मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटला, ऑपरेशन झालं, नीट झालं म्हणून बाबांनी पेढेसुद्धा वाटले. मग काही दिवसांनी तू बरळायला लागलीस. कोणाला ओळखत नाहीस, असं सगळे म्हणत होते. आत्या चमच्याने पेज भरवतेय. तू तोंड फिरवतेस आणि स्वच्छ आवाजात म्हणतेस, "वन्सं, त्यांच्या ताटात जेवताना मला रोज शिसारी यायची." मग बाबा म्हणतात, "मेंदूला सूज आहे. ती बोलत नाहीये हे." आत्या लगेच चमचा पुढे करते. तू गेलीस, आणि ते वाक्य सुजेच्या नावावर खपलं.

आता माझ्याही डोक्यात तसाच फुगा सापडलाय. फुटलेला नाही. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. डॉक्टरांना मी तुझंच विचारत बसले. ते म्हणाले, "सांडलेल्या रक्ताने मेंदूत दाह होतो. बारीक रक्तवाहिन्यांमध्ये सूक्ष्म गुठळ्या होतात. ऑपरेशन चांगलं झालं तरी पेशंट त्यामुळे खालावू शकतो."

"मग तेव्हा तो बोलतो ते खरं असतं का?"

"काकू, ते स्कॅनमध्ये दिसत नाही."

म्हणजे सूज खरी होती, गुठळ्याही असतील. तरी मला किळस येते ती 'सूज आहे' म्हणतानाच्या बाबांच्या सुटका झाल्यासारख्या चेहऱ्याची. ज्या आजाराने तुला नेलं त्याच्याच आड ही माणसं लपली, आणि वर तुझं कौतुक करत जेवली. तू कोणाला ओळखत नव्हतीस, तर वन्सं कोणाला म्हणालीस गं?

हे पाठवता आलं असतं तरी मी पाठवलं नसतं. "अगं, भ्रमातच बोलले मी," असं तुझं उत्तर आलं असतं, तर ते मला नको होतं.

माझं काही झालंच तर माझ्या बांगड्या लेकीला. तुझी हिरवी इरकल सुनेला, ती नेसेल तरी. इंग्रजी पुस्तकं समोरच्या बिऱ्हाडातल्या मुलीला. आत्याला काही नाही. आणि ऑपरेशननंतर मी काही भलतंसलतं बोलले, तर ते लेकीला द्यायचं, एक शब्दही न बदलता. तिच्या बाबांनी मध्ये बोलू नये.