लोकर तांबूस पडली तेव्हा

आप्पा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्ही होता तेव्हा बोलायची छाती झाली नाही. नंतर गुरांची डॉक्टर झाले, गावोगाव हिंडले, आणि वाटलं, विसरले. नाही विसरले. गेल्या वर्षी पारनेरच्या माळावर एका मेंढपाळाच्या वाघरीसमोर, मेंढ्या कोंडायच्या जाळीसमोर उभी राहिले आणि सगळं जसंच्या तसं वर आलं.

मी सातवीत होते. आपला मुक्काम त्याच माळावर होता, मेंढ्या नव्या बोअरच्या पाण्यावर होत्या. कातरणीच्या वेळी आई लोकरीची मूठ घेऊन तुमच्याकडे आली. "आवो, बघा की. काळी कुळकुळीत हुती, आता तांबूस पडलीया. तारेवानी सरळ लागतीय हाताला. गाईच्या डोळ्याभवती बी फिक्कं कडं आलंय. चाऱ्यात न्हाईतर पान्यात कायतर बिघाड हाय." तुम्ही मान वर केली नाहीत. "उन्हानं उडतो रंग. तू भाकरी बघ," म्हणालात. आई लोकर हातात तशीच धरून चुलीकडे गेली.

दोन महिन्यांनी मेंढ्या व्यायला लागल्या. पहिलं कोकरू उठलंच नाही. दुसरं उठलं, चार पावलं चाललं आणि त्याचे मागचे पाय एका बाजूला लुळे पडले. तोंड चांगलं, डोळे चांगले, आईला हाका मारतंय, पण कंबर उचलत नाही. असं पाचवं कोकरू झालं, तेव्हा तुम्ही आईला चार माणसांसमोर बोलावलंत. मी शेजारीच पाण्याची बादली घेऊन उभी होते.

"पाळीत वाघरीत शिरलीस ना? खरं सांग."

"न्हाई शिरले."

"मग ही कोकरं अशी का निपजली?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नव्हतं, त्या चार माणसांकडेही नव्हतं. पण उत्तर नसणं हा गुन्हा फक्त तिचा ठरला. त्या दिवसापासून तुम्ही तिचं वाघरीत पाऊल पडू दिलं नाही, थेट तुम्ही जाईपर्यंत. नुसत्या ओरडण्यावरून कुठली मेंढी अडलीय ते जिला कळायचं, ती बाई जाळीच्या बाहेर उभी राहून तुम्हाला सांगायची, आणि तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात.

तर गेल्या वर्षीचं सांगते. मेंढपाळाचा फोन आला म्हणून गेले. तीच लुळी कोकरं, तीच विटलेली लोकर. आणि वाघरीपासून लांब, बाभळीखाली, त्याची बायको बसलेली. वय पंचवीससुद्धा नसेल. मी विचारलं, "ह्या का लांब बसल्यात?" तो म्हणाला, "तिचा पाय चांगला न्हाई मॅडम. ती आल्यापासनं हे सुरू झालंय." आप्पा, मी मेलेल्या कोकराच्या यकृताचा तुकडा घेतला, मेंढ्यांचं रक्त घेतलं, बोअरचं पाणी बाटलीत भरलं आणि तपासायला पाठवलं.

तांबं कमी होतं. एवढंच. गाभण मेंढीच्या अंगात तांबं कमी पडलं की पोटातल्या कोकराच्या मेंदूच्या, मणक्याच्या नसा नीट घडत नाहीत. काळ्या लोकरीचा रंग उडतो, तिचा कुरळेपणा जातो. बोअरच्या पाण्यात लोह आणि गंधक भरपूर, त्यामुळे चाऱ्यातलं तांबंही अंगी लागत नव्हतं. मी त्याला हे समजावलं तर तो लगेच उठला. "मोरचूद हाय की घरात, खुरांसाठी आनलेलं. पाजू का सगळ्यांना?" मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार; मी जवळजवळ ओरडलेच. मेंढीला तांबं जरा जास्त झालं तर ती पिवळी पडते, लाल मुतते आणि मरते. गाईंची खनिज पावडरसुद्धा मेंढ्यांना द्यायची नाही, असं बजावलं. पुढच्या वेताला मेंढ्या गाभण राहिल्या, तेव्हा निम्मे दिवस भरल्यावर एकेकीचं वजन करून, मोजून औषध दिलं. पाणी विहिरीचं सुरू केलं. आधी जन्मलेली लुळी कोकरं मात्र वाचली नाहीत. त्यांना कुठलंच औषध पुरं पडत नाही, हेही सांगावं लागलं.

ह्या वेताची कोकरं जन्मल्या जन्मल्या उभी राहिली. मी गेले तेव्हा ती पोरगी वाघरीत होती, दोन कोकरं दोन काखेत. नवरा म्हणाला, "चूक झाली मॅडम." मी म्हणाले, "मला काय सांगता? तिला सांगा." तो तिला काही म्हणाला नाही. ती मात्र कोणी बोलवायची वाट न बघता आत गेली होती, हे मला पुरेसं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

तसंच घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. वाटलं, ती रडेल, सुटल्यासारखं वाटेल तिला. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी सांगत हुते की तवा. मग कुनी का न्हाई बघितलं?" आप्पा, याचं उत्तर रक्ताच्या तपासणीत निघत नाही. तुम्हाला तांब्याचं माहीत नव्हतं, याचा राग नाही मला. मलाही कॉलेजात गेल्यावर कळलं. पण तिचा तो हात, ती लोकर, तुमच्या डोळ्यांपुढे धरलेली. ती बघायला डॉक्टर लागत नव्हता.

हे पत्र कुठे टाकणार, म्हणून वहीतच राहील. आणि एक राहिलं. त्या वर्षी शेवटचं लुळं कोकरू आईनं तुमच्या नकळत ओच्यात घेतलं होतं, बोटानं दूध पाजत होती. मी पुढं जे केलं ते तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, आप्पा. तुम्ही तर तिथं नव्हताच. मीच ते तिच्या ओच्यातून ओढून घेतलं आणि म्हणाले, "तू हात लावू नको."