बठ्ठा कापूस आणि माझं नाव

आधी सर्वांची खुशाली विचारतो. नंतर विचारणारा नसेन. झुंबरबाई, तुझा दमा कसा आहे? पुष्पा, धुळ्याचं पाणी सोसतं का? लीलाधर, दिल्लीच्या थंडीत घसा सांभाळतोस ना? तो घसा बसावा असं मधली काही वर्षं मला वाटत होतं. आता वाटत नाही.

मी, निंबा रुपचंद साळुंखे, वय चौसष्ट, धंदा शेती व पूर्वी पेपरला बातम्या धाडणे, राहणार मारवड, तालुका अमळनेर, शिक्षण चौथी, पुढचं पेपर वाचून, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने, कोणाच्या दाबाखाली न येता लिहितो.

घर व शेत पत्नी झुंबरबाईस, तिच्यामागे लेक पुष्पास. रेडिओही झुंबरबाईस. लीलाधरचा आवाज आला की मी उठून जातो, हे तिला माहीत आहे. दाराआड उभा राहून ऐकतो, तेही माहीत आहे. "आते तरी आत बसा ना," म्हणते.

लीलाधर माझ्या बहिणीचा, भिकुबाईचा मुलगा. कॉलेजसाठी माझ्याकडे राहिला. कोण, कुठं, कधी हे आधी विचारावं, हे मी त्याला शिकवलं. १९५१ साली कापसाची सरकी काढतात त्या जिनात आग लागली. मी लिहिलं, "बठ्ठा कापूस जळाला." आपल्याकडे बठ्ठा म्हणजे सगळा. पेपरात छापून आलं, "भट्टीचा कापूस जळाला." संपादकांनी विचारलं, भट्टीत कापूस ठेवला कोणी? माझं काम गेलं, ते लीलाधरला मिळालं. गावात मात्र अजून विचारतात, "नाना, आज भट्टी पेटनी का?"

तो बातमीदार, मग मुंबईला, मग रेडिओवर निर्माता, आणि आता दिल्लीला, त्या चित्र दिसणाऱ्या रेडिओत; आपल्या रेडिओवरही अधूनमधून बोलतो. गेल्या दिवाळीला त्यानं भट्टीचा किस्सा रेडिओवर सांगितला. लोक हसले, त्याला पत्रं आली. मी मात्र "आमच्याकडचे एक बातमीदार". मामाचं नाव घ्यायला जीभ जड झाली का रे?

सायकल झुलाल पोस्टमनला. कारण लिहायलाच हवं. १९५३ साली लीलाधरचं मुंबईचं बोलावणं माझ्या पत्त्यावर आलं. मी ते तीन दिवस गादीखाली ठेवलं. चौथ्या दिवशी अमळनेरला त्याच्या हातात दिलं, म्हटलं, "टपालच उशिरा आलं." लीलाधर झुलालला नको ते बोलला. लीलाधर, त्याची माफी माग. मी आज सकाळी मागितली.

माझ्या कात्रणांचं गाठोडं लीलाधरला. प्रत्येकावर "आमच्या वार्ताहराकडून" एवढंच आहे, माझं नाव कुठेच नाही. अट एकच: तो किस्सा पुन्हा सांगशील तेव्हा निंबा रुपचंद असं नाव घ्यायचं. आणि बठ्ठा नीट म्हणायचं, ठ वर जोर देऊन.

मृत्युपत्राला कोणी उत्तर देत नाही, हे मला कळतं. म्हणून याची नक्कल आजच दिल्लीला टाकतो. शिव्या दे, पण लवकर लिही. पत्र आलं की झुलाल ते त्याच दिवशी आणून देईल.

साक्षीदार: छगन दगा पाटील, जीवराम सुका पाटील
सही: निंबा रुपचंद साळुंखे
मारवड, १४ नोव्हेंबर १९६०